पदकाच्या कडेवरचा नंबर: घरातल्या नौसैनिकाची युद्धसेवा कशी शोधायची

थोरले काका गेले, त्यांचे दिवस झाले आणि काकींनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढायला लावला. आत रुमालात गुंडाळलेली चार पदकं, घड्यांवर फाटत आलेला एक जाड कागद, रबराने बांधलेली मनीऑर्डरची कुपनं आणि पांढऱ्या गणवेशातला एक फोटो. मी पोहोचलो तेव्हा चुलतभाऊ ओटीवर ब्रासो आणि फडकं घेऊन बसला होता. एक पदक त्याने आरशासारखं लख्ख केलं होतं. दुसरं हातात घेणार तोच मी फडकं काढून घेतलं.

मी नौदलात चोवीस वर्षं रायटर होतो. नौदलात रायटर म्हणजे कचेरीचं काम बघणारा खलाशी: सेवापत्रकं, पगार, बदल्या, रजा. मालाडच्या मार्वे भागातल्या आयएनएस हमलामध्ये शिकलो आणि पुढे हजारो माणसांची कागदपत्रं हातांखालून गेली. निवृत्तीनंतर गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो, तेव्हापासून आसपासच्या वाड्यांतली माणसं असे डबे घेऊन येतात. "बाबांनी युद्धात काय केलं ते सांगा," म्हणतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहून ठेवतोय.

आधी ठरवा: कोणत्या बोटीवर?

कोकणात "आजोबा बोटीवर होते" एवढ्यावर गोष्ट संपते. त्या एका वाक्यात पाच वेगळी आयुष्यं असू शकतात. आजोबा नौदलात असतील, व्यापारी जहाजावर असतील, किनाऱ्याच्या आगबोटीवर असतील, गोदीत कामगार असतील, किंवा कस्टमच्या लाँचवर असतील. कागद शोधायची जागा यावर ठरते, म्हणून हे पहिलं.

घरात "नली" हा शब्द निघाला, म्हणजे "आजोबांची नली कुठे गेली" असं कुणी म्हणालं, तर बहुतेक ते व्यापारी जहाजावर होते. व्यापारी खलाशाच्या सेवापुस्तिकेला आपल्याकडे नली म्हणतात. तिच्यात जहाजाचं नाव, चढल्याची आणि उतरल्याची तारीख असते. दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजांवरच्या आपल्या माणसांनीही पदकं मिळवली आहेत, तेव्हा नली सापडली म्हणून शोध थांबवू नका. त्या युद्धात समुद्रात गेलेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या नौदलातल्या आणि व्यापारी जहाजांवरच्या सहा हजारांहून अधिक खलाशांची नावं मुंबई आणि चितगाव इथल्या स्मृतिग्रंथांत नोंदलेली आहेत. मुंबईत हे स्मारक मस्जिद बंदर भागातल्या खलाशांच्या वसतिगृहाशी जोडलेलं आहे, आणि राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. समुद्राखेरीज ज्यांची कबर नाही, त्यांची ही यादी आहे. आडनाव दोन-तीन स्पेलिंगांनी टाकून बघा.

नौदलाची ओळख कागदावर पटकन पटते. १९५० पूर्वी जहाजाच्या नावाआधी एच.एम.आय.एस. असतं, नंतर आय.एन.एस. पण इथेच एक गैरसमज होतो. नौदलात जमिनीवरच्या तळालाही जहाजासारखंच नाव देतात. "आजोबा शिवाजी नावाच्या युद्धनौकेवर होते" असं अभिमानाने सांगणारे मला खूप भेटले. आयएनएस शिवाजी लोणावळ्याला आहे, इंजिनाचं शिक्षण देणारी संस्था. आंग्रे मुंबईत, वेंदुरुथी कोचीला, सरकार्स विशाखापट्टणमला, वलसुरा जामनगरला. सगळे जमिनीवरचे तळ. उलटही होतं. छोट्या नौकेवरच्या माणसाची नोंद कधी कधी तळाच्या नावावर सापडते आणि नौकेचं नाव बाजूला बारीक अक्षरात असतं. ते बारीक अक्षर सोडू नका.

पदक हातात घ्या, पण घासू नका

आता पदकं. ब्रासो, चिंच, राख, टूथपेस्ट, काहीही लावायचं नाही. घासण्याने पहिली जाते ती कडेवरची कोरीव अक्षरं, आणि तुमच्या कामाची तीच आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या गोल पदकांच्या कडेवर सहसा सेवाक्रमांक, हुद्दा आणि नाव उमटवलेलं असतं. ताऱ्याला गोल कड नसते, तेव्हा त्याची मागची बाजू बघा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास खिडकीशी बसा. ऊन समोरून नको, बाजूने यायला हवं. मग अक्षरांच्या सावल्या पडतात. पदक दोन बोटांत कडेने धरा, भिंग घ्या आणि हळूहळू फिरवत एकेक अक्षर कागदावर उतरवा. मोबाइलने फोटो काढायचा तर फ्लॅश बंद ठेवा. चुकीचं वाटलं तरी जसं आहे तसंच लिहा. हुद्दे इंग्रजी आद्याक्षरांत असतात. "एल/एस" म्हणजे लीडिंग सीमन, "पी.ओ." म्हणजे पेटी ऑफिसर, "एम.ई." म्हणजे इंजिन-बॉयलरकडचा माणूस. तो हुद्दा पदक तयार झालं तेव्हाचा असतो. निवृत्तीच्या वेळचा वेगळा असू शकतो, म्हणून गोंधळू नका.

सगळ्यांत महत्त्वाचा तो सेवाक्रमांक. एका नावाची आणि आडनावाची दहा माणसं नौदलात सापडतील, पण क्रमांक एकाचाच. तुमच्या हातात नाव असेल आणि क्रमांक नसेल तर चौकशी महिनोन् महिने रेंगाळते. क्रमांक असेल तर रस्ता सरळ.

काकांच्या चार पदकांपैकी तिघांवर एकच क्रमांक निघाला. चौथ्यावर, म्हणजे नेमकं चुलतभावाने लख्ख केलेल्या पदकावर, क्रमांक दुसरा होता आणि नावही दुसरंच. त्याच्याकडे पुढे येतो.

कोणतं पदक कशासाठी

लोक दोन टोकांना जातात. एकतर "पदक मिळालं म्हणजे शौर्य गाजवलं", नाहीतर "हे सगळ्यांनाच वाटतात, याला काय किंमत". दोन्ही चूक. युद्धसेवेचं पदक सांगतं की हा माणूस त्या काळात त्या ठिकाणी कामावर उभा होता. तेवढंच सांगतं आणि ते खरं सांगतं.

१९७१ च्या युद्धाची तीन पदकं आपल्या घरांत सर्वांत जास्त सापडतात. पूर्वी स्टार हा पूर्वेच्या आघाडीचा, पश्चिमी स्टार पश्चिमेचा आणि संग्राम मेडल त्याहून व्यापक, युद्धकाळातल्या सेवेचं. त्यांच्या जोडीला स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांचं पदक असतं, ते १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असणाऱ्यांना मिळालं. त्याचा लढाईशी संबंध नाही. नऊ वर्षांच्या आणि वीस वर्षांच्या दीर्घ सेवेचं पदकही असतं. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर आडवी पट्टी असते, तिच्यावर अंदमान-निकोबार लिहिलेलं असेल तर माणूस तिकडे राहून आलेला आहे.

शौर्याची पदकं वेगळी. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, नौसेना मेडल. यांची नोंद भारत सरकारच्या राजपत्रात असते आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. १९७१ मध्ये लीडिंग सीमन चिमण सिंग यादव यांना महावीर चक्र मिळालं. खलाशी हुद्द्यावरचा माणूस. पद्मा आणि पलाश या गनबोटींच्या खुलन्याजवळच्या मोहिमेतला. फितीवर छोटं कमळपान लावलेलं दिसलं तर तेही नीट जपा. युद्धवृत्तात नाव नोंदल्याची ती खूण आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे तारे सहा टोकांचे आणि पिवळे असतात. ते सोन्याचे नाहीत. तांबं आणि जस्ताचा मिश्रधातू आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण सोनं समजून कुणीतरी सोनाराकडे नेऊन कोपरा घासून बघितलेले तारे मी पाहिले आहेत. "१९३९-४५ स्टार" ची फीत गडद निळी, लाल आणि फिकट निळी अशा तीन सारख्या पट्ट्यांची, म्हणजे आरमार, लष्कर आणि हवाई दल. नौदलाच्या माणसाला तो समुद्रावरच्या सहा महिन्यांच्या सेवेवर मिळे. बर्मा स्टारची फीत गडद निळी, मधे लाल रुंद पट्टा आणि दोन्ही बाजूंना केशरी रेघा. वॉर मेडल रुपेरी गोल, मागे दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह. इंडिया सर्व्हिस मेडल हिंदुस्थानातल्या तीन वर्षांच्या सेवेचं.

बर्मा स्टार सापडला की नातवंडं इंटरनेटवर शोधतात आणि त्यांना एच.एम.आय.एस. बंगाल सापडते. ११ नोव्हेंबर १९४२ ला या छोट्याशा सुरुंगशोधक नौकेने एकाच लहान तोफेनिशी, ओंदिना या तेलवाहू जहाजाबरोबर, दोन मोठ्या जपानी जहाजांना तोंड दिलं आणि त्यातलं होकोकू मारू बुडालं. थरारक प्रसंग आहे, मलाही तो पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. पण तुमचे आजोबा त्या दिवशी बंगालवर होते का, हे सेवापत्रक सांगेल. पदक सांगणार नाही.

सेवापत्रक वाचायचं ते असं

घड्यांवर फाटलेला तो जाड कागद हा खरा खजिना. त्यात भरती झाल्याची तारीख, शरीरावरची खूण, उंची, आणि मग रकान्यांमध्ये एकाखाली एक जहाजं: कधीपासून, कधीपर्यंत, कोणत्या हुद्द्यावर. शेवटी दरवर्षीची वर्तणूक. "व्ही.जी." म्हणजे व्हेरी गुड, आणि ही दोन अक्षरं ओळीने दिसली तर घरच्यांनी खुशाल छाती फुगवावी. ती अक्षरं सहज मिळत नसत.

कागद ताणून सरळ करू नका. टेबलावर ठेवून स्कॅन करा किंवा वरून फोटो काढा, आणि मग एका कोऱ्या वहीत दोन रकाने आखा. डावीकडे जहाज आणि तारखा, उजवीकडे त्या तारखांना ते जहाज कुठे होतं. उजवा रकाना भरणं हे अर्धं संशोधन आहे. १९७१ च्या डिसेंबरबद्दल बरीच माहिती आता उघड उपलब्ध आहे. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका किल्तान आणि कच्छलच्या सोबतीने कराचीवर गेल्या, म्हणूनच ४ डिसेंबर हा नौसेना दिन. ८ तारखेच्या रात्री विनाश, तलवार आणि त्रिशूल. ९ डिसेंबरला दीवजवळ खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले आणि त्यांच्यासह १८ अधिकारी, १७६ खलाशी. ज्यांच्या घरच्या सेवापत्रकाची शेवटची ओळ "खुकरी" आहे, त्यांनी एकदा दीवच्या स्मारकावर जाऊन यावं. समुद्राकडे तोंड करून जहाजाची प्रतिकृती काचेत ठेवलेली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातही स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची नावं ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत.

आता काकांची ओळ. गावात सर्वांच्या तोंडी होतं की काका कराची जाळायला गेले होते. गणपतीत आरतीनंतर ती गोष्ट रंगायची. वाडीच्या सभागृहासाठी "कराची हल्ल्यातील वीर" असा फलकसुद्धा तयार होऊन आला होता. सेवापत्रकात १९७० ते १९७३ एकच नाव: विक्रांत. आणि डब्यात पूर्वी स्टार. विक्रांत त्या डिसेंबरात बंगालच्या उपसागरात होती. कराचीच्या दिशेला नव्हतीच.

चुलतभावाचा चेहरा उतरला. मी त्याला काकांचा हुद्दा दाखवला: एम.ई., बॉयलरवरचा माणूस. मग सांगितलं की विक्रांतला चार बॉयलर होते आणि त्यांतल्या एकाला युद्धाआधी तडे गेले होते. जहाज तीन बॉयलरवर युद्धात उतरलं. वेग कमी, आणि विमानवाहू जहाजाला वेग कमी म्हणजे विमान उडवणं अवघड. तरीही ४ डिसेंबरला विक्रांतवरून सी हॉक विमानं उडाली आणि त्यांनी कॉक्स बझारवर हल्ला केला, मग चितगाव, खुलना, मोंगला. उड्डाणाच्या डेकवरचा जयघोष खाली बॉयलर रूमपर्यंत पोहोचत नाही. तिथे वाफेचा आवाज, अंगावर ओला चिकटलेला बनियन आणि डोळे काट्यावर. वरचं प्रत्येक विमान खालच्या वाफेवर उडत होतं, आणि त्या वाफेवर आमचे काका उभे होते.

फलक बदलला. आता त्यावर लिहिलंय: "आयएनएस विक्रांत, बॉयलर विभाग, डिसेंबर १९७१, पूर्वी स्टार."

एक नाजूक गोष्ट. जुन्या सेवापत्रकांत काही वेळा १९४६ मध्ये सेवा अचानक तुटलेली दिसते, शेजारी कडक शेरा असतो. घरच्यांना वाटतं आजोबांनी काही गुन्हा केला, आणि ते कागद लपवतात. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत एच.एम.आय.एस. तलवारवरून नौसैनिकांचा उठाव सुरू झाला होता. तारीख बघा, जहाज बघा, आणि कागद अभिमानाने बाहेर काढा. या उठावातल्या नौसैनिकांना पुढे सरकारने स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनसाठी पात्र धरलं.

कागद नसेल तर

पुराने, वाळवीने, वाटण्यांनी कागद जातात. तेव्हा घरातल्या कडेकोपऱ्यातल्या गोष्टी कामाला येतात.

मनीऑर्डरची कुपनं बघा. कोकणातली घरं मनीऑर्डरवर चालली, आणि कुपनावर पाठवणाऱ्याचा पत्ता असे. काकींच्या गठ्ठ्यातल्या एका कुपनावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: "तब्येत बरी आहे. कौलं शाकारून घे. पत्र उशिरा येईल, काळजी नको." तारीख नोव्हेंबर १९७१. जहाज कुठे चाललंय ते लिहायची परवानगी नव्हती. "पत्र उशिरा येईल" यातच काय ते होतं. काकींना त्याचा अर्थ तेव्हा कळला होता, असं त्या म्हणाल्या. आंतरदेशीय पत्रांवर फ्लीट मेल ऑफिसचा पत्ता आणि जहाजाचं नाव सापडतं. असा एकही कागद टाकू नका.

फोटो बघा. टोपीच्या काळ्या फितीवर जहाजाचं नाव असेल तर उत्तमच. महायुद्धातल्या फोटोत नुसती एच.एम.आय.एस. अशी अक्षरं असतील तर निराश होऊ नका; युद्धकाळात गुप्ततेसाठी नाव काढलेलं असे. डाव्या बाहीवर नांगर असेल तर लीडिंग हुद्दा, एकमेकांवर तिरके, फुलीसारखे दोन नांगर असतील तर पेटी ऑफिसर. खलाशाच्या बाहीवरचे व्हीसारखे पट्टे बघून त्याला हवालदार समजू नका; नौदलात ते चांगल्या वर्तणुकीचे असतात. उजव्या बाहीवरच्या चिन्हावरून शाखा कळते: तोफ, वायरलेस, इंजिन. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर शहरही कळतं.

आणि माणूस हयात असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आज त्याच्याजवळ बसा. "युद्धात काय केलंत?" असं विचारू नका. बहुतेक माणसं "काही नाही रे, ड्युटी केली" म्हणतात आणि विषय संपतो. त्यापेक्षा विचारा: झोपायला जागा कुठे होती? तुमचा मिडल वॉच असायचा का? (रात्री बारा ते चारचा पहारा. हा शब्द कानावर पडला की डोळे चमकतात.) जेवण कोण आणायचं? शेजारच्या बंकवर कोण होता, कुठल्या गावचा? सायरन वाजला की तुम्ही कुठे धावायचात? या प्रश्नांना उत्तरं येतात, आणि एकातून दुसरं निघत जातं. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, मधे दुरुस्त्या करू नका, तारीख चुकली तरी बोलू द्या. तारखा कागदावरून लावता येतात. माझी चूक सांगतो: काकांना मी हे प्रश्न कधीच विचारले नाहीत. रोज भेटत होतो, दोघेही नौदलातले, आणि बोललो ते पेन्शनबद्दल आणि आंब्यांबद्दल.

अर्ज कुठे आणि कसा

खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. अधिकाऱ्यांच्या वेगळ्या, दिल्लीला. थेट लिहिता येतं, पण आधी तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथल्या बाबूंना योग्य नमुना ठाऊक असतो आणि त्यांच्या पत्राबरोबर गेलेला अर्ज भरकटत नाही.

अर्जात लांबलचक भावना नकोत. सेवाक्रमांक, नोंदीतलं पूर्ण नाव, निवृत्तीच्या वेळचा हुद्दा, भरती आणि निवृत्तीच्या तारखा, ठाऊक असलेली जहाजं, तुमचं नातं. सोबत मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, पेन्शनचं कागदपत्र असेल तर त्याची प्रत. पत्नी हयात असेल तर अर्ज तिच्या सहीने करा. वारस म्हणून तिचा हक्क पहिला आणि उत्तरही लवकर येतं. मागणी दोन ओळींत: एक, जहाजवार सेवेचा तपशील मिळावा. दोन, मंजूर झालेल्या पदकांची यादी आणि त्यांतली कोणती दिली गेली, कोणती दिली गेली नाहीत, हे कळवावं. ही दुसरी ओळ विसरू नका. पदक मंजूर झालं पण माणूस तोवर निवृत्त होऊन गावी गेला, असं खूपदा घडलेलं आहे.

नावाची अडचण जवळजवळ प्रत्येक घरात येते. भरतीच्या वेळी कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. कधी आडनावाच्या जागी वडिलांचं नाव, कधी गावाचं नाव, कधी जाधवमधला एच गायब. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची, १ जून. तुमच्या आधारकार्डाशी ते जुळणार नाही. अर्जात दोन्ही नावं लिहा आणि "ही एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र जोडा. नोंदीतलं नाव बदलून मागू नका. तो वेगळा, लांबचा मार्ग आहे.

उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून अर्जाचं काय झालं ते विचारता येतं. आधी मात्र दोन-तीन महिने वाट बघा. पन्नास वर्षांपूर्वीची फाईल कुणीतरी उठून शोधायची असते, मी ते काम केलेलं आहे.

पदकांवर मोठा भत्ता मिळवून देतो म्हणून गावोगाव फिरणारी माणसं आहेत. युद्धसेवेच्या पदकांवर भत्ता मिळत नाही. पैसे देऊ नका, मूळ कागद तर मुळीच देऊ नका. आमच्या शेजारच्या गावात एका बाईंनी सासऱ्यांचं मूळ सेवापत्रक अशा माणसाच्या हातात दिलं. तो पुन्हा आला नाही. पदकं विकत घेणारेही येतात. हजार-दोन हजारांसाठी क्रमांक कोरलेली वस्तू घराबाहेर गेली की परत येत नाही.

ठेवायचं कसं

पावसाळ्यात कोकणातली हवा धातूलाही सोडत नाही आणि फितीला तर नाहीच. पदकं सुती कापडात वेगवेगळी गुंडाळा, एकमेकांवर घासू देऊ नका. प्लास्टिकच्या मऊ पिशव्या, रबरबँड, डांबरगोळ्या नकोत. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीआधी बदला. फीत धुऊ नका. जुनी फाटली तरी जपून ठेवा आणि चौकटीसाठी नवी लावा.

चौकटीत लावताना क्रम असतो: बघणाऱ्याच्या डावीकडून शौर्यपदक, मग युद्धाचे तारे, मग संग्रामसारखी मेडल, मग वर्धापनाची आणि दीर्घ सेवेची. महायुद्धाची पदकं असतील तर शेवटी. काचेला टेकतील अशी लावू नका आणि भिंत ओल धरणारी नको. चौकटीच्या मागे पाकिटात सेवापत्रकाची प्रत आणि एका पानावर तुम्ही जुळवलेला तपशील ठेवा, म्हणजे नातवाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

आता ते चौथं पदक. संग्राम मेडलच्या कडेवरचं नाव काकांचं नव्हतं. पदकं पुढे पाकिटांतून आली तेव्हा एका मेसमधल्या दोघांची अदलाबदल झाली असावी. काकींना ते नाव लगेच आठवलं. "हे मालवणकडचे. यांच्याकडून एकदा सुके बांगडे आले होते." त्या आठवणीवरून आणि क्रमांकावरून सिंधुदुर्गच्या जिल्हा सैनिक कार्यालयाला पत्र लिहिलं. सात आठवड्यांनी त्यांचा मुलगा एसटीने आला. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. घासलेल्या कडेवरची अक्षरं पुसट झाली होती, पण भिंगाखाली त्याने वडिलांचं नाव स्वतः वाचलं, मग पदक रुमालात बांधलं. त्याच्या घरी काकांचं पदक नव्हतं. बहिणीकडे काही सामान आहे, तिथे बघतो म्हणाला.

मानखुर्दला काकींच्या सहीचा अर्ज गेलेला आहे. चौकट आम्ही करून घेतली. पूर्वी स्टारच्या शेजारी एक खाच मोकळी ठेवली आहे, आणि तिच्याखाली चिठ्ठीवर काकांचा क्रमांक लिहून ठेवलाय.